नाव भारदस्त ठेवायचंय? आधी मधली नावं म्हणून बघा

आपल्याकडे मधलं नाव निवडायची सोय नसते, ते आई-बाबांचंच असतं. त्यातून 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते पहिल्या नावानंच.

पूर्ण नाव शाळेतल्या हजेरीसारखं मोठ्यांदा म्हणा. ‘राजलक्ष्मी मीनाक्षी’ म्हणताना ‘मी-मी’ आदळतं, क्ष दोनदा येतो, जीभ अडखळते. ‘राजलक्ष्मी सुजाता’ कसं सरळ जातं! ‘ऐश्वर्या आरती’मध्ये दोन ‘आ’ एकमेकांत मिसळतात आणि आरतीतला पहिला स्वरच गिळला जातो. आईचं नाव आरती असेल, तर लेकीसाठी ‘मृण्मयी’ बघा. ‘मृण्मयी आरती’ स्वच्छ ऐकू येतं. आईचं नाव दोन-तीन अक्षरी असेल तर पहिलं नाव खुशाल भरजरी ठेवा. तेच जर ज्ञानेश्वरी किंवा अन्नपूर्णा असेल, तर मात्र बाळाला ‘ईरा’, ‘नील’ असं छोटं नावच जास्त खुलतं, असं मला मनापासून वाटतं.

बारशाची घाई असली तरी कागदावर घाई नको. जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.