पडवीतल्या वाशावरचं ‘फुरसं’

पावसाळा लागला की रात्री दहानंतर फोन येतो, “भाऊ, लवकर या, फुरसं आलंय!” कुठे, असं विचारलं आणि “पडवीत, वाशावर” असं उत्तर आलं, की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. एवढ्या उंचावर बहुतेकदा विषारी फुरसं नसतं, पालींच्या मागावर आलेला मांजऱ्या साप असतो.

लोक उगाच फसत नाहीत. दोघंही तपकिरी, दोघांचं डोकं रुंद नि मान बारीक, दोघांच्या डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली. डोक्यावर खूणही दोघांच्या. मांजऱ्याची इंग्रजी ‘वाय’सारखी, फुरशाची पाखराच्या पावलासारखी. ती बघायला माणसं वाकतात, तेच चुकतं.

लांबूनच अंग बघा. मांजऱ्या सडपातळ, दोन्ही कुशींतून दाबल्यासारखा, तीनेक फूट लांब, शेपटी चाबकासारखी. कोकणातलं फुरसं हातभर भरलं तरी पुष्कळ. जाडसर, आखूड, शेपटी एकदम निमुळती. मांजऱ्याचे खवले गुळगुळीत. फुरशाचे खरखरीत, त्यामुळे वेटोळी एकमेकांवर घासली की करवत चालवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आला तर ओळख पटवत बसू नका, मागे सरा. मांजऱ्याही डिवचला की मान उचलून तोंड वासतो, शेपटी थरथरवतो. खाली पाचोळा असेल तर तीही वाजते. मीही एकदा त्या आवाजाला फसलोय.

मांजऱ्या निमविषारी. विषाचे दात जबड्यात मागच्या बाजूला, विष पाली-सरड्यांपुरतं. माझ्या अंगठ्याला चावला होता (घाई माझीच), थोडी सूज आली नि उतरली. पण यावरून तुम्ही घरी बसू नका. फुरशाचा दंशही सुरुवातीला नुसत्या सुजेसारखा वाटू शकतो. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. मांजऱ्यावर ती लागत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका. जमलं तर लांबूनच मोबाईलवर सापाचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

आणि वाशावरच्या त्या पाहुण्याचं काय? फोटोवरून मांजऱ्याच आहे अशी खात्री झाली, की मी पडवीतला दिवा बंद करायला सांगतो. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाली, पालींना हा.