१६ सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅकचं बॅलन्सिंग घरी कसं करायचं

बॅलन्सिंग म्हणजे सगळ्या सेलमधला चार्ज सारखा करणं. आधी सगळे नट तपासा, कारण बसबारचा (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) नट सैल असेल तर तो सेल चार्जिंगला जास्त अन् लोडवर कमी व्होल्टेज दाखवतो आणि आपण उगाच चांगल्या सेलला नावं ठेवत बसतो.

साध्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) जास्त भरलेल्या सेलची वीज रेझिस्टरमधून जाळतात. करंट ५० मिलिअँपियर धरला तर ५ अँपियर-अवरचा फरक काढायला १०० तास! २ अँपियरचा इंडक्टरवाला अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर हीच वीज उचलून कमी भरलेल्या सेलमध्ये टाकतो, काम तीनेक तासांत होतं, उष्णताही कमी.

वायरी लावताना घाई नको. पहिली काळी, पॅकच्या मायनसला, मग एकेक सेलचा प्लस क्रमाने, आणि कनेक्टर बॅलन्सरमध्ये खोचण्याआधी शेजारशेजारच्या पिनांवर मल्टिमीटर लावून बघाच, प्रत्येक ठिकाणी ३.३ च्या आसपास यायला हवं, कुठे ६.६ किंवा मायनस आलं तर वायर चुकलीय.

सगळ्यात महत्त्वाचं, बॅलन्सर ३.४ व्होल्टच्या वरच चालू होईल असं सेटिंग ठेवा. एलएफपीचा कर्व्ह (चार्जनुसार व्होल्टेज कसं बदलतं त्याचा आलेख) मधल्या भागात इतका सपाट असतो की तिथे व्होल्टेज सारखं दिसलं तरी चार्ज सारखा नसतो, आणि बॅलन्सर उलट बिघडवून ठेवतो. ३.४ च्या वर गेल्यावर सेलांमधला फरक १० मिलिव्होल्टच्या आत आला की झालं.