ऑटोइम्यून आजारात प्रोबायोटिक घ्यायचं का? पुरावा स्वतः कसा तपासायचा

आमवात, ल्युपस, कोलायटिस असा काही ऑटोइम्यून आजार, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते असा, निदान झाला की आठ दिवसांत कोणीतरी प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या गोळ्यांची, लिंक पाठवतंच. सोबत "आतडं सुधारलं की सगळं सुधारतं" हा मेसेज. आता आतड्यातल्या जीवाणूंचा आणि इम्युनिटीचा संबंध आहे हे खरंच आहे, २०१३ मध्ये नुकताच आमवात झालेल्या पेशंटच्या आतड्यात प्रिव्होटेला कॉप्री नावाचा जीवाणू जास्त सापडला होता, पण जास्त सापडला म्हणजे त्यानेच आजार झाला असं होत नाही, आणि बाहेरून दुसराच कुठला जीवाणू गिळला की आजार जाईल असं तर मुळीच नाही. म्हणून डबा मागवायच्या आधी एवढं करा.

१. आधी आजाराचं नाव धरा

"ऑटोइम्यूनसाठी उत्तम" असं लिहिलेलं दिसलं की तिथेच विचारायचं, नेमका कुठला आजार? त्यातल्या त्यात दमदार पुरावा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. २००४ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये ३२७ पेशंट होते, काहींना ई. कोलाय निसल १९१७ हा जीवाणू दिला आणि काहींना मेसालाझिन हे नेहमीचं औषध, आणि १२ महिन्यांत आजार उलटायचं प्रमाण साधारण ३६ आणि ३४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण हे सगळे पेशंट आजार शांत असलेले होते, भडकलेले नव्हते. आणि एवढं असूनही अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या गाइडलाइनमध्ये कोलायटिस आणि क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दुसरा आजार) या दोन्हींसाठी प्रोबायोटिक फक्त ट्रायलमध्येच वापरा असं सांगितलं. तेव्हा कोलायटिसचा रिझल्ट दाखवून थायरॉईडवाल्याला गोळ्या विकणं हे कसं, ते तुम्हीच ठरवा.

२. डबा उलटा करून बघा

नावाचे तीन भाग हवेत. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, यातलं शेवटचं 'जीजी' म्हणजे स्ट्रेन, त्या जीवाणूचा नेमका वाण, आणि ट्रायल होते ती त्या स्ट्रेनची, अख्ख्या कुळाची नाही. मी एकदा हौसेने आणलेल्या डब्यावर पुढे ठळक अक्षरात अब्जांचा आकडा होता आणि मागे नुसतं 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण', आता हे शोधायचं कुठल्या ट्रायलमध्ये! आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं काही नसतं. आणखी एक गोंधळ म्हणजे २०२० मध्ये या जीवाणूंची नावं बदलली, ऱ्हॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये गेला, त्यामुळे शोधताना जुनं-नवं दोन्ही नाव टाकून बघा.

३. फरक पडला म्हणजे किती पडला?

इथेच बहुतेक जण फसतात. आमवाताच्या ६० पेशंटवर इराणमध्ये ८ आठवड्यांची एक ट्रायल झाली, तीन जीवाणूंची कॅप्सूल विरुद्ध प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. आजार किती जोरात आहे हे मोजायचा डास-२८ नावाचा स्कोअर असतो, सुजलेले-दुखणारे सांधे वगैरे मोजून काढतात. कॅप्सूलवाल्यांचा स्कोअर सरासरी ०.३ ने उतरला, प्लासिबोवाल्यांचा ०.१ ने. गणिताच्या हिशेबाने हा फरक 'सिग्निफिकंट', म्हणून हेडलाइनमध्ये 'प्रोबायोटिकने आमवातात सुधारणा'. पण संधिवाताचे डॉक्टर औषधाचा मध्यम गुण आला म्हणायलाही ०.६ पेक्षा जास्त उतार मागतात! म्हणजे हेडलाइन खोटी नाही, पण सकाळी बोटं आखडलेल्या माणसाला त्यातून काय मिळालं हा प्रश्न उरतोच.

पेशंट किती, किती आठवडे, प्लासिबो होता का, एवढं पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर सारांशातच सापडतं. प्लासिबो हवाच, कारण हे आजार आपोआप चढतात-उतरतात आणि माणूस नवीन गोळी शोधतो ती नेमकी त्रास टोकाला गेल्यावर, मग पुढचा उतार गोळीच्या नावावर जमा.

४. 'नॅचरल आहे, काय होणार' हे विसरा

२००८ मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्यांना प्रोबायोटिक दिलं तर मृत्यू १६ टक्के, प्लासिबोत ६. तो आजार वेगळा होता, मान्य, पण जिवंत जीवाणू आहेत हे लक्षात राहू द्या. स्टिरॉइड, बायोलॉजिक किंवा इम्युनिटी दाबणारं दुसरं काही चालू असेल, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करणं तर विषयच सोडा.

५. तरी घ्यायचंच असेल तर

डॉक्टरांना डब्याचा फोटो दाखवा. एका वेळी एकच बदल करा, प्रोबायोटिक आणि नवीन डाएट एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. सुरू करायच्या दोन आठवडे आधीपासून वहीत रोज लिहा, सकाळी सांधे किती मिनिटं आखडले, शौचाला किती वेळा जावं लागलं, जे तुमचं लक्षण असेल ते. आमवात, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जातंतूंचा ऑटोइम्यून आजार) वगैरेंच्या बऱ्याच ट्रायल ८ ते १२ आठवड्यांच्या आहेत, तेवढा वेळ पुरे. तोवर वहीत काही हललं नसेल तर दुसरा ब्रँड मागवू नका, बंद करा.