बर्फात अडकलात? मदतीची खूण करताना या चुका टाळा

हिवाळ्यात उत्तराखंडमधल्या केदारकंठा, ब्रह्मतालला महाराष्ट्रातून पुष्कळ ट्रेकर जातात. सह्याद्रीत वाट चुकली तर हाका मारून, शेकोटी पेटवून भागतं. बर्फात तीच सवय अंगाशी येते.

ओरडत राहू नका. भुसभुशीत ताजा बर्फ आवाज शोषतो, तुमचा मात्र घसा बसतो. शिट्टी वाजवा: मिनिटाला ६ वेळा, म्हणजे दर १० सेकंदांनी एकदा, मग पूर्ण १ मिनिट शांत. ही शांतता बहुतेक जण पाळत नाहीत, आणि उत्तर ऐकू येणार ते त्यातच. उत्तराची खूण मिनिटाला ३. रात्री हेडटॉर्चनं हेच करायचं. शोधपथक प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत खूण चालू ठेवा. शिट्टी प्लॅस्टिकची, बिनगोळीची घ्या. गोळी थुंकीनं गोठून अडकते, धातूची शिट्टी ओठाला चिकटते.

फोन सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थंडीत बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) पडतो आणि ४० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद होतो. बॅटरी संपलेली नसते. फोन आतल्या कपड्यात, अंगाला लागून ठेवा. ऊब मिळाली की बहुधा पुन्हा सुरू होतो. रेंज शोधण्यात चार्ज वाया जातो, म्हणून फ्लाइट मोड लावा. जीपीएस त्यातही चालतं. ठिकाणाचे आकडे (अक्षांश-रेखांश) दशांश चिन्हानंतर ४ अंकांपर्यंत लिहून ठेवा, चूक साधारण ११ मीटरच्या आत राहते. रेंजची एखादी काडी दिसली की ११२ लावा. कॉल लागत नसेल तर घरी एसएमएस करा: आकडे, माणसं किती, जखमी किती. परदेशातल्या नातेवाइकानं दिलेला सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर सोबत नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बेकायदा आहे.

वरून दिसायचं तर पांढऱ्यावर पांढरं नको. अंगाची ऊब राखणारी पातळ चंदेरी बचाव-चादर बर्फात हरवते. तिची दुसरी बाजू नारिंगी असेल तर ती वर करा. मोकळ्या जागी बर्फ खोल तुडवून इंग्रजी ‘व्ही’ (मदत हवी) किंवा ‘एक्स’ (वैद्यकीय मदत हवी) काढा. अक्षर किमान अडीच मीटर, जमलं तर दुप्पट-तिप्पट. चरात देवदारच्या गडद फांद्या अंथरा. नवा बर्फ पडला की पुन्हा तुडवा.

शेकोटी थेट बर्फावर पेटवली तर बर्फ वितळून ती खाली बसते आणि विझते. आधी ओंडक्यांची बैठक रचा, तीही बर्फानं लदलेल्या झाडाखाली नाही. ओल्या पानांचा धूर पांढरा, तो दिसतच नाही. रबराचा तुकडा टाकला की काळा धूर निघतो.

हेलिकॉप्टर दिसताच आपण एक हात हलवतो. एक हात वर, एक खाली याचा वैमानिक ‘मदत नको’ असा अर्थ घेतो. दोन्ही हात तिरपे वर करून स्थिर उभे राहा. चादर, मॅट, टोपी आधीच गुंडाळून सॅकमध्ये कोंबा, पंख्याच्या वाऱ्यानं उडतात. आतला माणूस हातानं बोलावेपर्यंत जागा सोडू नका, आणि शेपटीच्या बाजूनं तर कधीच जाऊ नका.