तेजोमेघाचा फोटो काढायचाय? मग ही तयारी दिवसाउजेडीच करून ठेवा

तेजोमेघाचे (नेब्युलाचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो सुधारायचे म्हटलं की लोक आधी नवीन कॅमेरा बघायला लागतात, पण खरं सांगायचं तर आहे त्याच सामानात बराच फरक पडतो, फक्त ठरवाठरवी सगळी अंधार पडायच्या आधी उरकलेली हवी आणि रात्र निव्वळ प्रकाश गोळा करायला मोकळी राहिली पाहिजे. हेन्री ड्रेपरने 30 सप्टेंबर 1880 ला मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तेव्हा एकाच प्लेटवर पाऊण तासाहून जास्त वेळ प्रकाश पडू दिला होता, आपणही तेच करतो, फक्त तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे छोटे छोटे बरेच फोटो काढून नंतर एकत्र करून.

तर पहिलं काम म्हणजे एका रात्रीसाठी एकच तेजोमेघ ठरवायचा. स्टेलॅरियमसारखं फुकट सॉफ्टवेअर उघडून बघायचं की तो क्षितिजापासून 30 अंशांच्या वर किती तास राहतो, त्याखाली हवेचा थर जाड असतो आणि तिथे घेतलेले फोटो सहसा टाकूनच द्यावे लागतात. चंद्र कधी उगवतो तेही त्याच वेळी बघून घ्या. मग आपल्या टेलिस्कोप आणि कॅमेऱ्याची चौकट त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघायची, कारण रोझेट नावाचा तेजोमेघ एक अंशापेक्षा मोठा आहे आणि लांब फोकल लेंथला (जास्त मोठं दाखवणाऱ्या टेलिस्कोपला) तो चौकटीत मावतच नाही, उलट एम 57 हा तेजोमेघ इतका छोटासा आहे की 400 मिमी फोकल लेंथला नुसती कडी दिसते. एका रात्रीत चार-पाच तेजोमेघ उरकायचा मोह सोडा. सिग्नल आणि नॉइजचं (तेजोमेघाचा प्रकाश आणि फोटोतला दाणेदारपणा यांचं) प्रमाण दुप्पट करायचं तर वेळ चौपट लागतो, म्हणजे एका तासाच्या फोटोपेक्षा दुप्पट चांगला हवा तर चार तास आणि त्याच्याही दुप्पट हवा तर सोळा, त्यामुळे चार विषयांवर तास-तास घालवण्यापेक्षा एकावरच चार तास दिलेले केव्हाही बरे.

फिल्टरचा निर्णयही याच वेळी. रोझेट, लगून, नॉर्थ अमेरिका हे स्वतःचा प्रकाश देणारे तेजोमेघ, त्यांचा लाल म्हणजे हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा प्रकाश आणि निळसर हिरवा म्हणजे ऑक्सिजनचा 500.7 च्या आसपासचा, त्यामुळे फक्त हे दोन रंग आत सोडणारा ड्युअल बँड फिल्टर लावला की शहरातल्या आकाशातूनही ते छान वर येतात. पण कृत्तिकेभोवतीचा निळा धूसरपणा हा ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश आहे, तिथे हाच फिल्टर लावलात तर हवं तेच अडवून बसाल, त्याला अंधारं आकाश हाच उपाय. डीएसएलआर कॅमेरा मॉडिफाय केलेला (आतला फिल्टर बदललेला) नसेल तर त्याच्या आतलाच फिल्टर हायड्रोजनचा बराच लाल प्रकाश खातो हेही लक्षात असू द्या, अशा कॅमेऱ्याने सुरुवात मृगातल्या एम 42 पासून करावी, तो इतका तेजस्वी आहे की निराश करत नाही.

सामान घरातच एकदा पूर्ण जोडून बघा. फ्लॅटनर (कोपऱ्यांतले तारे नीट यावेत म्हणून लावायचं भिंग) असेल तर त्याच्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर (बऱ्याच फ्लॅटनरना 55 मिमी लागतं, आपल्याला किती ते त्याच्या माहितीपत्रकात बघा), सगळे स्क्रू घट्ट, केबल कुठे अडकत नाहीत ना, बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामं, भिंगावर दव जमू न देणारा ड्यू हीटर चालतोय ना. माउंटवर (टेलिस्कोप धरून ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या बैठकीवर) जेवढं वजन पेलतं असं लिहिलेलं असतं त्याच्या निम्म्यावरच फोटोग्राफी करावी असं माझं ठाम मत आहे. भारी टेलिस्कोप डुगडुगत्या माउंटवर ठेवण्यापेक्षा छोटा टेलिस्कोप भक्कम माउंटवर शंभर पटीने चांगला.

संध्याकाळी टेलिस्कोप लवकर बाहेर काढून थंड होऊ द्यायचा, बॅलन्स करायचा आणि मग पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे लावणं, इथे घाई नको. ध्रुवतारा मधोमध आणला म्हणजे झालं असं नाही, तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब आहे. आकाश सेकंदाला 15 आर्कसेकंद सरकतं, आणि 400 मिमी फोकल लेंथला 3.76 मायक्रॉनचा एक पिक्सेल साधारण 1.9 आर्कसेकंद बघतो, म्हणजे माउंट थांबला तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात जवळजवळ आठ पिक्सेल पुढे गेलेला असतो! गाइडिंगचं (एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटला सावरणाऱ्या यंत्रणेचं) कॅलिब्रेशन करून ते स्थिरावल्यावरच पुढे जा.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क (फटी असलेलं झाकण) टेलिस्कोपच्या तोंडावर लावून एका ठळक ताऱ्यावर कॅमेरा न्या, तीन रेघा दिसतात, दोघींची फुली आणि तिसरी मधून जाणारी, फोकसर अगदी केसभर फिरवला तरी ही तिसरी रेघ बाजूला सरकते, ती बरोबर फुलीच्या मधोमध आली की हात काढायचा आणि मास्क काढायला विसरायचं नाही. रात्र थंड होत जाते तसा फोकस हलतो, तेव्हा दर तासाला परत बघा.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. एकेका फोटोची वेळ ठरवताना हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला पाहिजे एवढं बघायचं, फिल्टरशिवाय आणि उजळ आकाशात एक-दोन मिनिटंही पुरतात, ड्युअल बँडला तीन ते पाच लागतात. डिदरिंग चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत चौकट थोडी सरकते आणि सेन्सरचे ठिपके-पट्टे स्टॅकिंगमध्ये (सगळे फोटो एकावर एक जुळवताना) आपोआप गळून पडतात. एम 42 असेल तर पाच-दहा सेकंदांचे वीस-तीस फोटो वेगळे घ्या, मोठ्या एक्स्पोजरमध्ये त्याचा गाभा जळून पांढरा होतो आणि ट्रॅपिझियमचे चार तारे दिसेनासे होतात, नंतर दोन्ही जोडता येतात. पहिले दोन-तीन फोटो आले की झूम करून चारही कोपरे बघा: सगळीकडे तारे एकाच दिशेला लांबट तर ट्रॅकिंग, मध्यापासून बाहेर फाकलेले तर फ्लॅटनरचं अंतर, एकाच बाजूला बिघडलेले तर कॅमेरा तिरका बसलाय.

आवरताना कॅमेरा सोडवायच्या आधी फ्लॅट नावाचे फोटो घ्यायचे, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन तोच ठेवून, तोंडावर पांढरं कापड आणि एकसारखा उजेड. सेन्सरवरच्या धुळीची गोल गोल वलयं आणि कोपऱ्यातला काळोख याच फ्लॅटने जातो, नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही हात मारा तसा जात नाही. झाकण लावून त्याच वेळेचे, त्याच आयएसओचे आणि शक्यतो त्याच तापमानाचे डार्क म्हणजे काळे फोटो, आणि थोडे बायस, म्हणजे झाकण लावूनच अगदी कमीत कमी वेळेचे.

कॉम्प्युटरवर ढग आलेले, तारे लांबलेले फोटो मन घट्ट करून काढून टाका, मग सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक, आधी कडा कापायच्या, मग ग्रेडियंट (आकाशाचा एका बाजूने वाढत जाणारा उजेड) काढायचा, मग रंग आणि सगळ्यात शेवटी स्ट्रेच (अंधारात दडलेला तपशील उजळणं), हा क्रम उलटा केला की आकाशाचा प्रदूषित रंगच वर येतो. नॉइज रिडक्शन जपून, जास्त झालं की तेजोमेघातले बारीक धागे पुसले जातात आणि सगळं मेणासारखं दिसतं. स्ट्रेच न केलेली स्टॅक फाइल आणि मूळ फोटो जपून ठेवा, कॅमेरा कुठल्या कोनात होता तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या निरभ्र रात्री त्याच चौकटीत आणखी चार तास घालता येतील.