ऑक्युपेशनल थेरपी सहाय्यक व्हायचंय? सांगली-साताऱ्यातून सुरुवात कशी करावी

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा जीव वाचलेला असतो, पण शर्टाचं बटण लागत नाही, घास तोंडापर्यंत नीट पोचत नाही, संडासला जाताना दोघांनी धरावं लागतं. रोजच्या जगण्यातली ही कामं पुन्हा जमवून देणारी शाखा म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सरकारी कागदावर व्यवसायोपचार. रुग्णाला तपासून उपचाराचा आराखडा थेरपिस्ट ठरवतो. त्याच्या देखरेखीखाली सराव करून घेणारा, साहित्य तयार ठेवणारा, घरच्यांना समजावणारा माणूस म्हणजे सहाय्यक.

या शाखेचा आपल्या भागाशी एक धागा आहे. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा पुष्कळांना माहीत असते. ज्यांचं नाव त्या शाळेला आहे, त्या अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. देशात या विषयाच्या शिक्षणाची सुरुवात तिथून झाली. तरीही सांगली-साताऱ्यात बारावी झालेल्या दहा मुलांना विचारलं, तर फिजिओथेरपी सगळ्यांना ठाऊक असते आणि ही शाखा क्वचितच कुणाला.

आधी काम डोळ्यांनी बघा

कोर्सचा फॉर्म भरण्याआधी चार दिवस हे काम जवळून बघा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, वाढ-विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांवर वेळीच उपचार करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, दिव्यांग मुलांच्या विशेष शाळा, अशा ठिकाणी चौकशी करा. सगळीकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेलच असं नाही; काही ठिकाणी फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षकच भेटतील. त्यांचंही काम बघण्यासारखं असतं. विभागप्रमुखांना साधा अर्ज द्या, रुग्णांचे फोटो काढणार नाही असं त्यात स्वतःहून लिहा आणि कोपऱ्यात शांत बसून बघा.

बघताना स्वतःला एक गोष्ट विचारा. एखादे आजोबा एक बटण लावायला सहा मिनिटं घेतायत, आणि तेवढा वेळ हात मागे ठेवून तुम्हाला उभं राहता येतंय का? सहाय्यकाचं सगळ्यात अवघड काम हेच आहे. मदत करणं सोपं असतं. किती मदत करायची नाही, हे कळायला वेळ लागतो.

रस्ता कोणता, ते ठरवा

अमेरिकेत ‘ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट’ हा वेगळा हुद्दा आहे. साधारण दोन वर्षांची पदवी, त्यात किमान सोळा आठवडे पूर्ण वेळ प्रत्यक्ष काम, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना, अशी तिथली रचना. आपल्याकडे असा वेगळा परवानाधारक हुद्दा अजून रुजलेला नाही. त्यामुळे इथे रस्ते वेगळे आहेत, आणि कुठला कुठे जातो हे आधी माहीत असलेलं बरं.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल आणि घरून साडेचार-पाच वर्षं शिकायची मुभा असेल, तर सहाय्यक होण्यापेक्षा सरळ थेरपिस्टच व्हा, असं मी सांगेन. त्यासाठी बीओटीएच, म्हणजे बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी, ही पदवी आहे. महाराष्ट्रात तिचे प्रवेश नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात आणि महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न असतात. मुंबईत केईएम, सायन आणि नायर इथे, तसंच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. एमबीबीएस हुकलेल्या मुलांनी पर्यायांच्या यादीत हा जरूर घालावा.

लवकर कमवायला लागणं भाग असेल, तर ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ हे कौशल्य विकासातले अभ्यासक्रम बघा. त्यात रुग्णाची स्वच्छता, उचल-ठेव, संसर्ग टाळणं, प्राथमिक निरीक्षण हा पाया पक्का होतो. मग एखाद्या नोंदणीकृत थेरपिस्टच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागायचं आणि पुढचं तिथे शिकायचं. मुलांमध्ये काम करायची ओढ असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचे (आरसीआय) विशेष शिक्षणाचे डिप्लोमा किंवा गावपातळीवर दिव्यांगांसोबत काम करायला शिकवणारा सहा महिन्यांचा सीबीआयडी अभ्यासक्रम हा चांगला रस्ता आहे. मात्र यांपैकी कशानेही तुम्ही थेरपिस्ट होत नाही.

फी भरण्याआधी कागद तपासा

हे मी कळकळीने सांगते, कारण ऊस गेल्यावर आलेले पैसे किंवा आईचं गंठण मोडून भरलेली फी परत मिळत नाही. ‘शंभर टक्के नोकरी’चा फलक लावून तीन-चार महिन्यांत ‘थेरपी असिस्टंट डिप्लोमा’ देणारे वर्ग कुठेही निघतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान दोन हजार तास, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेले, लागतात. तीन महिन्यांत ते कसे बसवणार, हे तुम्हीच हिशेब करून बघा.

वर्गात गेल्यावर विचारा: मान्यता कुणाची? प्रमाणपत्रावर सही-शिक्का कुणाचा? प्रत्यक्ष रुग्णांवर शिकवणारा थेरपिस्ट महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे नोंदलेला आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक काय? पुनर्वास परिषदेचा अभ्यासक्रम असेल, तर त्या संस्थेचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. पत्रकाच्या झेरॉक्सवर विसंबू नका. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

हात तयार करा

इथून खरं शिक्षण सुरू होतं. पहिले काही महिने पुढच्या गोष्टी इतक्या घोटा की विचार न करता हातून व्हाव्यात.

कपडे: एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो सगळ्यात शेवटी बाहेर. आधी घरच्या कुणाला तरी खुर्चीत बसवून सराव करा. एक हात खिशात घालून स्वतः शर्ट घालून बघा, रुग्णाची चिडचिड कशाने होते ते लगेच समजेल.

पलंगावरून खुर्चीत: चाकाची खुर्ची बहुतेक वेळा चांगल्या बाजूला तिरकी लावतात. आधी ब्रेक, मग खुर्चीचे पाय टेकायचे आधार बाजूला, मग रुग्णाची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. त्याला पुढे झुकायला सांगायचं, म्हणजे वजन पावलांवर येतं आणि उठणं हलकं होतं. तुम्ही रुग्णाच्या कंबरेला बांधलेल्या पट्ट्याला धरायचं. लुळा हात किंवा काख धरून ओढायचं कधीही नाही. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. गावाकडे नातेवाईक सर्रास हेच करतात, म्हणून घरच्यांना दाखवून ठेवणंही तुमचंच काम.

स्प्लिंट: हाताला आधाराची पट्टी बांधली असेल, तर ती काढल्यावर कातडी बघा. लाल डाग वीस मिनिटांतही गेला नाही, तर पट्टी पुन्हा न बांधता थेरपिस्टला सांगा. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या हाताला टोचलेलं कळत नाही, तिथे तुमचे डोळेच त्याची जाणीव.

आणि सराव रुग्णाच्या कामाशी जोडायला शिका. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा उजवा हात दुबळा झाला, तर त्याला रबरी चेंडू दाबण्यात फार रस नसतो, त्याला छाटणीची कात्री पुन्हा धरायची असते. थेरपिस्ट पायऱ्या लावून देतो: आधी ओला स्पंज पिळणं, मग कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीला लावणं, मग हलक्या स्प्रिंगची कात्री, शेवटी वेलीची कोवळी काडी. तुम्ही बघायचं ते बारीक असतं. कोपराला टेकू आहे ना? खांदा कानाकडे चढायला लागला का? चढला की हात थकला असं समजा आणि थांबा, नाहीतर चुकीची सवय लागते. स्वयंपाकात रमणाऱ्या मावशींना एका हाताने पीठ मळायचं असेल, तर परातीखाली ओलं फडकं टाका, परात सरकत नाही. वाटाणा सोलणं, तूरडाळ निवडणं हेही बोटांचे उत्तम व्यायाम आहेत, आणि ‘मी घरात काहीतरी केलं’ हे समाधान त्यात असतं.

इथे घरच्यांची माया आडवी येते. “राहू द्या हो, मी भरवते त्यांना,” म्हणत सून चमचा हातातून घेते. त्यांना दुखवू नका. “वहिनी, आज पहिले पाच घास काकांना स्वतः खाऊ द्या, सांडलं तर मी पुसते,” असं म्हणा. चमच्याच्या दांड्याला कापड किंवा फोम गुंडाळून जाड केलं, की पकड लवकर येते.

नोंद लिहायची सवय लावा

‘आज चांगलं केलं’ या वाक्याचा थेरपिस्टला काही उपयोग नाही. ‘पाचपैकी तीन बटणं स्वतः, दोनदा तोंडी सांगावं लागलं, आठव्या मिनिटाला थकले’ असं लिहा. तारीख, वेळ, कुणी करून घेतलं, दुखलं का, चक्कर आली का. पुढचा आराखडा याच नोंदीवरून बदलतो.

स्वतःहून व्यायाम बदलू नका. हाताच्या तुटलेल्या कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) जोडलेल्या रुग्णाला, मग ती इजा कोयत्याने झालेली असो की रसाच्या चरकात, ठरल्याआधी मूठ वळायला लावली तर टाके तुटू शकतात. ‘डॉक्टर, बरं कधी होईल?’ असं रुग्ण तुम्हालाच विचारतील. आपण डॉक्टर नाही हे सांगा आणि त्यांची थेरपिस्टशी गाठ घालून द्या.

नोकरी आणि परदेश

परदेशाची स्वप्नं दाखवणारे एजंट भेटले तर एवढं लक्षात ठेवा: अमेरिकेत सहाय्यकाच्या परीक्षेला बसायला तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतूनच शिकलेलं असावं लागतं. इथलं प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही.

इथे नोकरी शोधताना खासगी पुनर्वसन केंद्रं, बालविकास क्लिनिक, विशेष शाळा आणि घरपोच सेवा बघा. मुलाखतीत पगाराआधी विचारा की माझ्या कामावर देखरेख कुणाची आणि ते आठवड्यातून किती वेळ हजर असतात. ‘थेरपिस्ट महिन्यातून एकदा येतात, बाकी तुम्हीच सांभाळा’ असं उत्तर आलं, तर ती नोकरी घेऊ नका.