ट्रिब्युनलमध्ये पक्षकार जोडताना या चुका टाळा

कोणी कर ट्रिब्युनलमधल्या अपिलाचा मेमो (अपिलाचा अर्ज) तपासायला दिला की मी मुद्दे नंतर वाचतो, आधी पहिलं पान वाचतो. अपील कोणाचं आणि कोणाविरुद्ध, एवढंच. नव्या मुलांना हा वेळकाढूपणा वाटतो. त्यांना थेट कायद्याच्या मुद्द्यावर उडी मारायची असते. मुद्दा बिनतोड असला तरी तो मांडणारा माणूसच रेकॉर्डवर नसेल, तर बेंच (ट्रिब्युनलचे सदस्य) ऐकणार कोणाचं?

अपीलकर्ता गेला आणि कोणी कळवलंच नाही

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता चीडही येत नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण व्यापारी आला. वडिलांचं आयकराचं अपील प्रलंबित असताना वडील वारले होते. आधीच्या सल्लागाराने ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणत दोनदा तारीख वाढवून घेतली. तिसऱ्या तारखेला तो युक्तिवाद सुरू करणार, तोच आयकर विभागाचे प्रतिनिधी उठले आणि म्हणाले, “सर, यांच्या पॅनवर मृत अशी नोंद दिसते.” सदस्यांनी फाईल मिटली आणि वारसांना रेकॉर्डवर आणायला सांगितलं.

पुढची चूक माझी. मुलगा म्हणाला, “सगळं मीच बघतो, आई आहे फक्त.” मी विश्वास ठेवला, दोघांची नावं घालून दुरुस्त फॉर्म ३६ (अपिलाचा फॉर्म) भरला. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांचा उल्लेखच नाही. आणि गावी आजी हयात होती. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृताची आई पहिल्या वर्गातली वारस असते, वडील नसतात. हे परीक्षेत सगळ्यांना येतं आणि अर्ज लिहिताना कोणालाच आठवत नाही, मलाही नाही आठवलं. एका बहिणीने थेट बेंचला पत्र लिहिलं, ‘मला विचारलं नाही’. झालं, पुन्हा अर्ज, पुन्हा दुरुस्त फॉर्म, पुन्हा तारीख.

तेव्हापासून मी तोंडी माहितीवर काम करत नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि मृत्यू दाखला हातात आल्याशिवाय अर्ज टाईपला जात नाही. दाखल्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवतो. वारस अल्पवयीन असेल तर पालकाचं नाव घालतो. बहिणी सही द्यायला कचरतात, कारण वडिलांची थकबाकी आपल्या गळ्यात पडेल अशी भीती असते. त्यांना १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १५९ समोर ठेवून दाखवतो: वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून जेवढी भागेल तेवढीच. हे कळल्यावर बहुतेक जणी पेन मागतात.

आणि एक, आयकरवाले मित्र सीमाशुल्क, सेवाकराच्या ट्रिब्युनलमध्ये गेले की हमखास इथे पडतात. आयकर ट्रिब्युनलच्या १९६३ च्या नियमांत नियम २६ सांगतो की करदात्याच्या मृत्यूने अपील संपत नाही, वारस ते पुढे चालवू शकतात. सेस्टॅटच्या, म्हणजे या सीमाशुल्क-सेवाकर ट्रिब्युनलच्या, १९८२ च्या नियमांत नियम २२ नेमका उलटा आहे. ६० दिवसांत अर्ज केला नाही तर अपील संपुष्टात येतं. सबळ कारण दाखवून मुदतीनंतरही अर्ज घेतला जातो, पण ते बेंचच्या मर्जीवर. मागच्या केसचा अर्ज कॉपी करून नाव बदलणाऱ्यांना हा फरक कधीच दिसत नाही.

जो दिसेल त्याला प्रतिवादी करणं

हा दुसरा टोकाचा प्रकार. बोगस खरेदीचं प्रकरण असलं, तेव्हाच्या विक्रीकर विभागाच्या हवाला यादीत (खोटी बिलं देणाऱ्यांच्या यादीत) पुरवठादाराचं नाव आलं की ज्युनियर उत्साहाने त्या पुरवठादाराला पक्षकार करायचा अर्ज घेऊन येतो. सोबत बँक आणि आधीचा सीएसुद्धा! आवश्यक पक्षकार म्हणजे ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच करता येत नाही तो. १९६२ च्या उदित नारायण सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक पक्षकार आणि योग्य पक्षकार (ज्याच्याशिवाय आदेश होतो, पण पूर्ण निकालासाठी जो असलेला बरा) यांतला फरक स्पष्ट केलाय. पुरवठादाराशिवाय तुमच्या कराचा निकाल लागतो, मग तो आवश्यक कसा? त्याच्या जबाबावर विभाग विसंबला असेल तर उलटतपासणी मागा. २०१५ च्या अंदमान टिंबर निकालात ती नाकारणं हा आदेश रद्दबातल ठरवणारा दोष मानला गेला. तुमच्या हातातलं हत्यार ते आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १ नियम १० (पक्षकार जोडणं-वगळणं) चिकटवलेला अर्ज तर रोज दिसतो. संहिता ट्रिब्युनलला जशीच्या तशी लागू नाही. तत्त्व तिथून घ्या, पण अर्जाच्या शीर्षकात ट्रिब्युनलचा स्वतःचा नियम लिहा.

बाकीच्या, पटापट

हिंदू अविभक्त कुटुंबाचा कर्ता गेला तर कुटुंब मरत नाही. नवा कर्ता दाखवा, सगळ्या वारसांची यादी नको.

कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर जुन्या नावाने काहीही दाखल करू नका. २०१९ च्या मारुती सुझुकी निकालात अस्तित्वात नसलेल्या कंपनीवरचं करनिर्धारण रद्द ठरलं, ते विभागाच्या चुकीमुळे. उद्या तीच चूक तुमची असेल.

कंपनी दिवाळखोरीत असेल तर जुन्या संचालकाची सही चालत नाही. कारभार सांभाळायला नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल किंवा कंपनी गुंडाळायला नेमलेला लिक्विडेटर कोण, ते आधी विचारा.

करनिर्धारण अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून पक्षकार बदलत नाही, पण केस दुसऱ्या वॉर्डात गेली असेल तर प्रतिवादीचं पदनाम सुधारा. अधिकाऱ्याचं व्यक्तिगत नाव लिहू नका. अजूनही लिहितात!

अशील वारला की त्याने दिलेला वकालतनामाही संपतो. प्रत्येक वारसाकडून नवा घ्या, जुन्यावर ‘करिता’ लिहून मुलाची सही घेणारे आहेत, त्यांना काय म्हणावं.

शेवटचं म्हणजे प्रत. नाव जोडलं, पण नव्या पक्षकाराला अपिलाची प्रतच दिली नाही, तर पुढच्या तारखेला तो ‘मला काही मिळालं नाही’ म्हणतो आणि ते खरंही असतं. मी प्रत स्वतः स्पीड पोस्टाने पाठवतो आणि पावती ऑफिस कॉपीच्या पहिल्या पानाला स्टेपल करतो, आतल्या खिशात टाकत नाही.